पुस्तकातून पुस्तक : प्रस्तावना

1966 साली लंडनच्या दक्षिण भागात, पेकॅम राय इथल्या जुन्या सामानाच्या एका गोदामात टॉम फिलिप्स हा तरुण चित्रकार आपला मित्र आर. बी. किटाय याच्याबरोबर पुस्तके चाळत होता. तीन पेन्सला मिळेल ते पहिले पुस्तक घ्यायचे आणि त्यावर दीर्घकाळ काम करायचे, अशी अट त्याने स्वतःला घातली होती. हाताला लागले ते डब्ल्यू. एच. मॅलॉक या आज जवळजवळ विसरल्या गेलेल्या लेखकाचे 'अ ह्यूमन डॉक्युमेंट', 1892 ची कादंबरी. फिलिप्सने तिची पानामागून पाने रंगवायला घेतली. पानावरचे मोजके शब्द मोकळे ठेवायचे, बाकीचा मजकूर शाईखाली, जलरंगाखाली, पुढे पुढे चिकटवलेल्या कागदांखाली घालवायचा, आणि उरलेले शब्द पांढऱ्या ओघळांनी एकमेकांना जोडायचे. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक आल्या की छापील पानावर पांढरी वाट दिसू लागते. जुळारी तिला दोष मानतो. फिलिप्स याच वाटांवरून चालला. एक पान दुसऱ्यावर दुमडले गेल्याने वरच्या शीर्षकाची मधली अक्षरे झाकली गेली आणि नव्या पुस्तकाला नाव मिळाले, 'अ ह्युम्युमेंट'.

त्यात बिल टोज नावाचा एक प्रेमवेडा माणूस वावरतो. मॅलॉकच्या कादंबरीत तो नाही. इंग्रजीतल्या 'टुगेदर' आणि 'ऑल्टुगेदर' या दोन शब्दांच्या पोटातून त्याचे आडनाव काढलेले असल्याने ते शब्द ज्या पानावर असतील त्याच पानावर टोजला प्रवेश. नायकाचे येणे-जाणे सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच लेखकाच्या शब्दांवर अवलंबून, अशी कादंबरी दुसरी माझ्या पाहण्यात नाही. फिलिप्स एकदा रंगवून थांबला नाही. आवृत्ती निघाली की जुनी पाने काढून त्यांच्या जागी नवी घालायचा. 2016 मध्ये सहावी आणि शेवटची आवृत्ती आली, तेव्हा कामाला पन्नास वर्षे झाली होती. 2022 मध्ये तो वारला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकापुढे हे उदाहरण आधी ठेवले, कारण पुढच्या सगळ्या कामांना लावायची कसोटी त्यात आहे. समोरचे काम याच पुस्तकातून होणे भाग होते, की कुठल्याही पुस्तकातून झाले असते? जुनी पुस्तके कापून, रंगवून, दुमडून, भिजवून, शिवून केलेल्या मिश्र माध्यमातल्या कलाकृतींना जगभर 'ऑल्टर्ड बुक' म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा कामांत पुस्तक म्हणजे सुताराला स्वस्तात मिळालेले लाकूड असते. पाने दुमडून केलेली साळिंदरे, फुलदाण्या, नाताळची झाडे यांत हात सफाईदार असतो, पण पुस्तक कोणते होते हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. लिहिण्यासारखेही फारसे नाही. पुढच्या प्रकरणांत घेतलेली कामे वेगळी आहेत. त्यांत पाते लावणाऱ्याने आधी पुस्तक वाचलेले आहे, आणि पात्याने केलेले काम हा त्या वाचनाचाच एक भाग आहे.

मराठी वाचकाला पहिला अडसर येईल तो संस्काराचा. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारे आपण. दसऱ्याला पुस्तकांची पूजा मांडतो, आणि जीर्ण पोथी रद्दीत टाकवत नाही म्हणून नदीत सोडतो. 2004 च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत नासधूस झाली, तेव्हाच्या बातम्यांनी ज्यांच्या पोटात कालवले त्यांना कलेच्या नावाखाली पुस्तकाला पाते लावा म्हणणे सोपे नाही. ते सोपे आहे असे मी भासवणारही नाही. मात्र याच घरांतून शाळेची वर्षे संपली, जागा बदलली, आजोबा गेले की पुस्तके किलोवर जातात. रद्दीवाल्याच्या तराजूपर्यंत आपण असतो. तिथून पुढे कागदगिरणीत त्यांचा लगदा होतो तेव्हा पाहायला कोणी नसते. रद्दीवाला आणि लगद्याची टाकी यांच्या मधल्या टप्प्यावर या कलेचा बहुतेक कच्चा माल मिळतो, हे एकदा लक्षात आले की पापपुण्याचा हिशेब जरा निराळा मांडावा लागतो.

पुस्तक मोडून पुस्तक करणे ही काही विसाव्या शतकातली टूम नव्हे. मध्ययुगीन युरोपात लिहिण्याचे कमावलेले कातडे महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक नक्कल तेराव्या शतकात अशीच खरवडली गेली आणि तिचे प्रार्थनापुस्तक झाले. अलीकडे निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन खालची गणिते पुन्हा वाचली गेली. तिथे गरज होती, हौस नव्हती. हौसेचे जुने आणि आपल्या जवळचे उदाहरण हवे तर मुघल दरबारातले मुरक्के पाहावेत.

मुरक्का म्हणजे निवडक चित्रे व सुलेखने डकवलेली वही. जहांगीर अजून राजपुत्र होता तेव्हा, 1600 च्या आसपास, ज्याची जुळणी सुरू झाली तो मुरक्का-ए-गुलशन आज मुख्यतः तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. इराणी सुलेखनकार मीर अली याने आधीच्या शतकात लिहिलेल्या ओळी, युरोपातून आलेली ताम्रमुद्रिते, दरबारातल्या चित्रकारांची कामे, हे सारे मूळ जागेवरून कापून नव्या पानांवर बसवले आणि भोवती सोनेरी हाशिये रंगवले. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात जहांगीरच्या मुरक्क्यातले असेच एक पान आहे. त्याच्या हाशियात छोट्या छोट्या मानवाकृती बसल्या आहेत. एक कागद घोटतो आहे, एक बांधणीच्या कामात आहे, एकजण लिहितो आहे. तुकडे जोडून केलेल्या पानाच्या कडेला सबंध पुस्तक घडवणारी माणसे मांडताना चित्रकाराला त्यातली गंमत कळत होती, असे मला वाटते. पुरावा मागू नये.

इंग्लंडमध्ये हीच हौस मध्यमवर्गात उतरली. जेम्स ग्रेंजर नावाच्या पाद्र्याने 1769 मध्ये इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास छापला. त्यात थोर माणसांच्या छापील व्यक्तिचित्रांच्या याद्या होत्या, चित्रे मात्र नव्हती. लोकांनी ती मिळवायची ठरवले. दुसऱ्या पुस्तकांतली चित्रे कापायची, आपल्या प्रतीची बांधणी उसवायची, मध्ये कोरी पाने घालून चित्रे डकवायची आणि पुन्हा बांधून घ्यायची. यापायी किती सचित्र पुस्तके उघडी-बोडकी झाली याची गणती नाही, आणि ग्रेंजरचे नाव त्या प्रकाराला कायमचे चिकटले. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात याच पद्धतीने फुगवलेले एक बायबल आहे. मूळच्या मोजक्या खंडांचे ते आता 60 जाडजूड खंडांचे झाले आहे. वेड म्हणावे असेच हे काम. पण त्या माणसाचे वाचन कुठे कुठे थांबले, कोणत्या ओवीपाशी त्याला दहा चित्रे लागली आणि कुठे एकही नाही, हे त्या खंडांतून पानोपान कळते.

विसाव्या शतकात सूर बदलला, पुस्तकाशी भांडण सुरू झाले. माक्स अर्न्स्टने 1934 मध्ये जुन्या स्वस्त फ्रेंच कादंबऱ्यांतली कोरीव चित्रे कापून पक्ष्यांच्या डोक्यांची माणसे आणि पाण्याने भरलेल्या शयनगृहांची शब्दविरहित कादंबरी रचली. ती अजून हसत हसत केलेली होती. जॉन लॅथमचे भांडण मात्र खरे. 1960 नंतरच्या काही वर्षांत त्याने जाड ग्रंथांचे मनोरे रचून भर रस्त्यावर जाळले. नाझींनी पेटवलेल्या होळ्यांना तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती, त्यामुळे पाहणाऱ्यांना ते रुचले नाही यात नवल नाही. मलाही ते रुचत नाही. त्याची दुसरी करामत मात्र विसरता येत नाही.

लॅथम लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकवत होता. क्लेमेंट ग्रीनबर्ग या अमेरिकी समीक्षकाचे 'आर्ट अँड कल्चर' तेव्हा कलाशिक्षणात प्रमाणग्रंथ मानले जाई. 1966 मध्ये लॅथमने शाळेच्या ग्रंथालयातून त्याची प्रत घरी नेली, विद्यार्थ्यांना व मित्रांना जमवले आणि पाने फाडून चघळायला दिली. चघळून थुंकलेला लगदा आम्लात विरघळवला, नंतर त्यात यीस्ट घालून तो आंबवला. बरेच महिने गेले. ग्रंथालयाकडून पुस्तक परत करण्याची नोटीस आली, तेव्हा लॅथमने काचेच्या कुपीत भरलेले ते द्रव्य, वर चिठ्ठी लावून, परत केले. नोकरी गेली. कुपी, नोटीस आणि बाकीचे कागदपत्र चामड्याच्या पेटीत रचून झालेली कलाकृती आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. कसोटी इथेही लावून पाहावी. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने हे काम साधले असते? कलेत 'अभिरुची' हा शब्द ज्याने ठरवून दिला, त्याचे पुस्तक तोंडात घालून चव पाहण्याची ही थट्टा आहे. शिवाय ती नेमकी त्या शाळेच्या शिक्क्याची प्रत हवी, नाहीतर नोटीस आली नसती.

वीसेक वर्षांनी चीनमध्ये ह्वांग योंग पिंग याने 1987 मध्ये दोन पुस्तके कपडे धुण्याच्या यंत्रात टाकली, एक चिनी चित्रकलेचा इतिहास, दुसरा हर्बर्ट रीडकृत पाश्चात्त्य आधुनिक चित्रकलेचा. यंत्र दोन मिनिटे फिरवून जो गोळा निघाला तो लाकडी खोक्यावर काचेच्या तुकड्यावर मांडला. पूर्व की पश्चिम यावर तेव्हा तिथे चाललेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन मिनिटांवर निराळे भाष्य नको.

अलीकडच्या कामांत पुस्तकावरचा राग ओसरला आहे आणि हातकाम वाढले आहे. अमेरिकेतला ब्रायन डेटमर जुने कोश घेतो, त्यांच्या कडा पारदर्शक लेपाने बंद करतो आणि मुखपृष्ठाकडून चाकूने एकेक थर कोरत आत उतरतो. काही घालायचे नाही, काही हलवायचे नाही, नको ते फक्त काढायचे. त्यामुळे शेवटी जी चित्रे एकमेकांमागे डोकावतात ती सगळी मूळच्या पानावर जिथे होती तिथेच असतात. ब्रिटानिकाने 2012 मध्ये छापील आवृत्ती थांबवल्याचे जाहीर केले. त्यानंतर अशा कामांकडे लोक जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. सिंगापूरमध्ये जन्मलेली, मलेशियात वाढलेली भारतीय वंशाची सिमरिन गिल लोकांकडून त्यांचे एखादे पुस्तक मागून घेते, पाने फाडून त्यांचे मणी वळते, ते ओवते आणि ती माळ ज्याचे पुस्तक त्याला परत देते. पुस्तक घरी परत येते, गळ्यातही घालता येते, वाचता तेवढे येत नाही.

एडिंबरामध्ये 2011 च्या मार्चमध्ये स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या टेबलावर कोणीतरी पुस्तकावर उभे केलेले कागदी झाड ठेवून गेले. नंतरच्या महिन्यांत शहरातल्या इतर ग्रंथालयांत व संस्थांत अशीच आणखी कामे निनावी सापडत गेली. नॅशनल लायब्ररीत सापडलेला ग्रामोफोन आणि शवपेटी इयन रँकिनच्या 'एक्झिट म्युझिक' या रहस्यकादंबरीतून कोरलेली होती. हातात कादंबरीचे नाव असले की ग्रामोफोन का आणि शवपेटी का, हे सांगावे लागत नाही. ग्रंथालयांच्या खर्चाला कात्री लागत असलेल्या काळात पुस्तकाला कात्री लावून ग्रंथालयाची बाजू घेतली गेली, ही मजा वेगळीच.

छापील कादंबरी म्हणून बाजारात आलेले उदाहरण जोनाथन सफ्रान फोअरचे 'ट्री ऑफ कोड्स'. पोलंडच्या ब्रुनो शुल्झच्या 'द स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स' या कथासंग्रहाचे इंग्रजी भाषांतर घेऊन फोअरने त्यातले बहुतेक शब्द कापून काढले, आणि 2010 मध्ये प्रत्येक पानाला वेगवेगळी भोके पाडून ते छापले गेले. पान उलटताना खालच्या चार-पाच पानांवरचे शब्द भोकांतून वर येतात. सलग वाचायचे तर पानाखाली कोरा कागद सरकवावा लागतो. शुल्झला 1942 मध्ये एका नाझी अधिकाऱ्याने रस्त्यावर गोळी घातली, आणि तो लिहीत असलेली कादंबरी नाहीशी झाली. ज्याचे निम्मे लेखन हरवले त्याच्या उरलेल्या पुस्तकाला भोके पाडणे काहींना निर्दय वाटले. मला हे या क्षेत्रातले सर्वांत जवळून केलेले वाचन वाटते.

आता मालाविषयी, कारण बहुतेक नवशिक्यांचे हात इथे पोळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते आणि तुरटी-राळेच्या खळीतले आम्ल कागद ठिसूळ करते. असे पान दुमडले की घडीवरच तुटते. याउलट खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी चिंध्यांपासून हाताने केलेला जुना कागद आजही वाकतो, पण असा कागद हातात आला तर पाते खाली ठेवावे आणि एखाद्या जाणकाराला दाखवावा. बांधणी आधी पाहून घ्यावी. फर्मे शिवलेली जुजबंदी असेल तर पुस्तक सपाट उघडते आणि वजन पेलते. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या पुस्तकाची पाने पहिल्या आठवड्यातच हातात येतात. रंग, कापड, कागद डकवत गेले की पुस्तक फुगून तोंड वासते, म्हणून दर फर्म्यातली काही पाने शिवणीपासून बोटभर सोडून आधीच कापून टाकायची असतात. भक्कम पाया हवा तर पाच-सहा पाने एकत्र चिकटवून शिकंज्यात रात्रभर दाबावीत. पांढरा फेव्हिकॉल झटपट धरतो, पण सुटत नाही. मैद्याची खळ सावकाश धरते, ओल देते, आणि पुढेमागे पाण्याने सोडवता येते. बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात, कारण नुसत्या खळीला कसर लागते. मोरचूद विषारी, हात धुवावेत.

मराठी पुस्तकांवर हे काम करू पाहणाऱ्यापुढे एक अडचण निराळी आहे, आणि मला ती फार रसाची वाटते. फिलिप्सला शब्दाच्या पोटातून टोज काढता आला, कारण रोमन अक्षरे सुटी उभी असतात. देवनागरीत शिरोरेखा शब्दाला वरून बांधून ठेवते. मधूनच झाकले तर कापल्याची खूण राहते. 'कमळ' या शब्दाचे पहिले अक्षर घालवून 'मळ' काढता येतो, पण जोडाक्षर आले की वाट बंद. व्याकरण तर आणखी आडवे येते. 'घराला' यातला प्रत्यय झाकला की उरतो 'घरा', आणि त्याला वाक्यात कर्ता म्हणून उभे करता येत नाही. 'गेली' एवढेच उरवले तर पानभर एखादी स्त्रीलिंगी गोष्ट शोधत फिरावे लागते. यावर उपाय आहेत. मराठीत वाक्यरचना सैल असल्याने शब्दांचा क्रम हवा तसा खेळवता येतो, आणि संवादांनी भरलेल्या जुन्या सामाजिक कादंबऱ्यांत व नाटकांत मूळ रूपातले शब्द भरपूर मिळतात. शिवाय खिळ्यांनी छापलेल्या जुन्या मराठी पानाची एक खुबी ऑफसेटच्या पानात नाही. पान उलटे करून बोट फिरवले तर अक्षरांचा दाब जाणवतो. मागून पेन्सिलीचे शिसे हलके घासले तर उलट्या ओळी धूसर उमटतात आणि वाचायच्या मजकुराचे चित्र होते. निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या सुबक खिळ्यांना हे विशेष साधते.

पण अशा प्रतीवर हे करावे का? इंग्रजी कोशांच्या लाखो प्रती जगभर पडून आहेत, डेटमरने चार कोरल्या तर ज्ञानाचे काही अडत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजारभर प्रतींची, तिच्यापैकी वाळवी, पूर, पागडीच्या घरांचे स्थलांतर यांतून वाचलेल्या किती? केतकरांच्या ज्ञानकोशाचा सुटा खंड रद्दीत दिसला तर तो आधी ग्रंथालयाला विचारून पाहावा, त्यांच्या संचात नेमका तोच नसेल. 1867 पूर्वीची छापील मराठी पुस्तके अभ्यासक दोलामुद्रिते म्हणून वेगळी जपतात. त्यांना हात लावण्याचा प्रश्नच नाही. गाइडे, कालबाह्य कायद्यांची पुस्तके, वार्षिक अहवाल, दूरध्वनी निर्देशिका, एकाच कादंबरीच्या वारेमाप छापलेल्या स्वस्त प्रती, एवढा माल आयुष्याला पुरतो. त्यातही वाचण्यासारखे असते. जुन्या दूरध्वनी निर्देशिकेइतकी शहराची खरी कादंबरी थोड्यांनीच लिहिली असेल.

कायद्याचेही थोडे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे लेखाधिकार राहतो. 1957 च्या कायद्याचे कलम 57 लेखकाला, त्याची प्रतिष्ठा दुखावेल अशा मोडतोडीविरुद्ध दाद मागू देते. विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कलावंताच्या बाजूने निकाल दिला. ते शिल्प एकमेव होते, पुस्तकाची प्रत तशी नसते. आपल्या मालकीची प्रत कापणे ही एक गोष्ट, कापलेल्या पानांची आवृत्ती छापून विकणे दुसरी. दुसरीसाठी परवानगी काढावी, किंवा फिलिप्सप्रमाणे फार पूर्वी वारलेला लेखक गाठावा.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक कलाकृतीच्या नोंदीत कलावंताच्या नावाबरोबर मूळ पुस्तकाचे नाव, लेखक, छापखाना व वर्ष दिले आहे. संग्रहालयांच्या पाट्यांवर बहुधा 'जुने पुस्तक, रंग, धागा' एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे पुष्कळदा काचेआडच्या दोन-चार ओळी वाचून पुस्तक ओळखावे लागते. ज्यांचे मूळ पुस्तक ओळखता आले नाही त्या कामांच्या नोंदी शेवटी एकत्र दिल्या आहेत. वाचकांपैकी कोणाला एखादे ओळखू आले तर जरूर कळवावे, पुढच्या आवृत्तीत ते काम त्याच्या योग्य जागी हलवता येईल.